गाडीचे स्पार्क प्लग निवडताना आणि बदलताना : किनाऱ्यावरच्या नवख्यांसाठी

कोकणातल्या उकाड्यासाठी, घाटासाठी किंवा खाऱ्या वाऱ्यासाठी वेगळा स्पार्क प्लग (सिलेंडरमध्ये ठिणगी पाडून इंधन पेटवणारा भाग) नसतो. नागपुरातल्या गाडीला जो नंबर लागतो, तोच नंबर रत्नागिरीतल्या त्याच मॉडेलला लागतो. किनाऱ्यावर फरक पडतो तो पुढच्या कामात. प्लग किती वेळा उघडून पाहायचा, बसवताना कशाची काळजी घ्यायची आणि जुना प्लग हेडमध्ये (सिलेंडरवरच्या धातूच्या भागात, जिथे प्लग बसतो) गंजून धरून बसला तर काय करायचं, हे इथे जास्त जपावं लागतं. म्हणून लेखाचा पहिला भाग नंबराचा आहे आणि दुसरा हाताने करायच्या कामाचा. नंबर चुकला तर पुढची सगळी मेहनत फुकट जाते, त्यामुळे पहिला भाग सावकाश वाचा.

आधी पाहा, प्लगच बदलायचा आहे का

गाडी डिझेलवर चालत असेल तर तिला स्पार्क प्लग नसतो. काही डिझेल इंजिनांत ग्लो प्लग असतो. तो थंड इंजिन सुरू करायला आतली हवा तापवतो आणि ठिणगी टाकत नाही. आपल्याकडे डिझेलच्या बोलेरो, सुमो खूप असल्यामुळे दुकानात हा गोंधळ नेहमी होतो.

प्लग संपत आल्याची लक्षणं ओळखू येतात. सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारल्याशिवाय इंजिन उचलत नाही. जागेवर उभी गाडी थरथरते. आंबा घाटात किंवा कुंभार्लीत तिसऱ्या गिअरला अॅक्सिलरेटर दाबला की गाडी दचके देते, म्हणजे मिसिंग मारते. अॅव्हरेज उतरतं. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलेंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट न पेटणं), पी०३०२ म्हणजे दुसऱ्यात, असा तो क्रम असतो. पी०३०० आला तर मिसफायर एका सिलेंडरपुरता नाही.

एकाच सिलेंडरचा कोड असेल तर लगेच प्लग विकत घेऊ नका. त्या सिलेंडरची कॉइल (प्लगला जास्त दाबाची वीज देणारा भाग) शेजारच्या सिलेंडरवर लावा, शेजारची इकडे लावा, कोड पुसा आणि गाडी फिरवून आणा. कोड शेजारी सरकला तर दोष कॉइलचा. तिथेच राहिला तर आता प्लग तसेच अदलाबदल करून पाहा. पैसे न घालवता निम्मं निदान असंच होतं.

पहिल्या जोरदार पावसात सुरू झालेलं मिसिंग बहुतेक वेळा प्लगच्या आतलं नसतं. कॉइलच्या किंवा प्लग वायरच्या टोकाला असलेलं रबरी बूट तडकलेलं असतं, तिथून दमट हवा आत जाते आणि वीज प्लगच्या टोकापर्यंत न पोचता प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीच्या बाहेरून हेडला उतरते. जुन्या, लांब प्लग वायर असलेल्या गाडीत हे डोळ्यांनी दिसतं. काळोखात बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा हलका फवारा मारा. गळती असेल तिथे निळसर ठिणग्या दिसतील. वायरला हात लावू नका, तिथे दाब वीस-तीस हजार व्होल्टच्या घरात असतो. उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, तेही त्याच वेळी पाहा. खळ्यात किंवा मांगरात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ती शक्यता मोठी असते.

किती प्लग लागतील

सहसा सिलेंडर तितके प्लग, पण मॉडेलच्या नावावरून अंदाज करू नका. ऑल्टो के१० ला ३ लागतात. १.२ लिटरच्या जुन्या स्विफ्टला ४ लागतात, तर २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टचं इंजिन ३ सिलेंडरचं असल्यामुळे तिला ३. होंडा सिटीच्या जुन्या आय-डीएसआय इंजिनाला ४ सिलेंडरना ८ प्लग आहेत, प्रत्येक सिलेंडरला दोन. नेहमी पूर्ण संच बदला. तीन जुने आणि एक नवा अशी भेसळ केली की इंजिनाची चाल एकसारखी राहत नाही, आणि चार महिन्यांत उरलेल्यांसाठी पुन्हा बोनेट उघडावं लागतं.

बरोबर नंबर मिळवणं

दुकानात जाऊन "वॅगन आरचा प्लग द्या" म्हणणं ही सगळ्यात महाग चूक. एकाच नावाखाली वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी इंजिनं आलेली असतात. नंबर शोधायची पहिली जागा म्हणजे गाडीसोबत आलेलं ओनर्स मॅन्युअल. त्यात शेवटच्या तपशिलांच्या पानांवर प्लगचा नंबर आणि गॅप (मधलं टोक आणि बाहेरची वाकडी पट्टी यांतलं अंतर) दोन्ही दिलेले असतात. पुस्तक हरवलं असेल तर कंपनीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर आरसी बुक घेऊन जा. चासी नंबर टाकला की त्या गाडीचा नेमका पार्ट नंबर निघतो. प्लग बनवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइटवरही मॉडेल, वर्ष आणि इंजिन निवडून शोधता येतं.

आत बसलेल्या जुन्या प्लगवरून नंबर घेणं हा शेवटचा पर्याय. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल तर आधीच्या मालकाने किंवा मेकॅनिकने हाताला लागला तो प्लग बसवलेला असू शकतो. चुकीचा प्लगसुद्धा दोन वर्षं चालतो, म्हणून तो बरोबर होता असं ठरत नाही.

नंबर वाचायला शिका

खोक्यावर नंबर रोमन लिपीत असतो. इथे उच्चाराप्रमाणे लिहिला आहे. एनजीकेचा एक सर्वसाधारण नंबर घेऊ : बीकेआर६ई-११. यातल्या "बीके"चा अर्थ आट्यांचा व्यास १४ मिलिमीटर आणि पाना लावायचा षटकोन १६ मिलिमीटरचा. "आर" म्हणजे आत रेझिस्टर आहे. "६" ही उष्णता-श्रेणी, म्हणजे हीट रेंज. "ई" म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचे "११" म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर. जुन्या गाड्यांत बीपीआर अशी सुरुवात दिसते. तिथे आटे १४ चेच, पण षटकोन २०.८ मिलिमीटरचा, म्हणजे पाना मोठा लागतो, आणि "पी" म्हणजे चिनीमातीचं टोक बाहेर आलेलं असतं.

डेन्सोचा के२०पीआर-यू११ घ्या. "के" म्हणजे १४ चे आटे, १९ ची लांबी आणि १६ चा षटकोन. "२०" ही उष्णता-श्रेणी, "आर" रेझिस्टर, "११" म्हणजे १.१ चा गॅप. बॉशच्या एफआर७डीसीमध्ये "एफ" म्हणजे १४ चे आटे आणि १६ चा षटकोन, "७" उष्णता-श्रेणी, "डी" म्हणजे १९ मिलिमीटर लांबी. जुने मेकॅनिक बॉशच्या प्लगला अजून मायकोचा प्लग म्हणतात, कारण बॉशच्या इथल्या कंपनीचं नाव २००८ पर्यंत मायको होतं.

अलीकडच्या इंजिनांत १२ मिलिमीटरचे आटे आणि २६.५ मिलिमीटर लांबी खूप दिसते. त्यांच्या नंबरांतली अक्षरं वेगळ्या पद्धतीची असतात आणि तुकडे पाडून वाचता येत नाहीत. तिथे पूर्ण नंबर अक्षरन् अक्षर जुळवायचा, एवढाच नियम.

व्यास चुकला तर प्लग बसतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. लांबीची चूक लपून राहते. आटे आखूड असलेला प्लग बसतो, गाडीही सुरू होते, पण हेडमधले खालचे आटे उघडे राहतात आणि त्यांत कार्बन भरतो. पुढे योग्य लांबीचा प्लग घालायला गेलात की तो अर्ध्यात अडकतो. जास्त लांबीचा प्लग त्याहून वाईट, कारण तो पिस्टनला किंवा व्हॉल्व्हला लागू शकतो. दुकानातच जुना आणि नवा प्लग शेजारी धरा आणि बैठकीच्या (प्लगचा हेडला टेकणारा भाग) पृष्ठभागापासून आट्यांच्या शेवटापर्यंतची लांबी व्हर्निअरने किंवा साध्या पट्टीने मोजा. बैठकही बघून घ्या. बहुतेक प्लगना सपाट बैठक आणि वॉशर असतो, काहींना वॉशरशिवाय निमुळती बैठक असते. एकाच्या जागी दुसरा कधीच चालत नाही.

नंबरात "आर" असेल तर बिनरेझिस्टरचा प्लग घेऊ नका. तो रेझिस्टर साधारण ५ किलोओहमचा असतो आणि ठिणगीमुळे होणारा विजेचा गोंगाट दाबतो. तो नसला तर रेडिओ खरखरतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला चुकीचे सिग्नल जाऊ शकतात.

उष्णता-श्रेणी : इथे सगळ्यात जास्त चुका होतात

प्लगचं टोक साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापायला हवं, म्हणजे त्यावरचा कार्बन जळून जातो. ८०० ते ८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटायला लागतं आणि पिस्टनला धोका होतो. या दोन टोकांमध्ये प्लग राहावा म्हणून श्रेणी ठरवलेली असते. "गरम" प्लग टोकाची उष्णता हळू सोडतो, "थंड" प्लग लवकर सोडतो. ती उष्णता मुख्यतः आटे आणि बैठक यांच्यातून हेडमध्ये जाते. म्हणून सैल बसलेला प्लग बरोबर श्रेणीचा असूनही जळतो.

आता घोळ इथे आहे. एनजीके आणि डेन्सो यांच्यात आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम होत जातो. एनजीकेचा ६, डेन्सोचा २० आणि बॉशचा ७ हे साधारण एकाच जागेचे. एनजीकेचा ५, डेन्सोचा १६ आणि बॉशचा ८ हे त्याहून एक पायरी गरम. "सहाच्या जागी आठ आहे, जवळपासच आहे की" असं म्हणून ब्रँड बदलताना आकडा बघून प्लग घेतला तर उलट्या दिशेला जाल. ब्रँड बदलायचा असेल तर त्या कंपनीच्या तक्त्यातून तुमच्या इंजिनाचा नंबर काढा.

एनजीकेची एक पायरी बदलली की टोकाच्या तापमानात साधारण ७० ते १०० अंशांचा फरक पडतो. त्यापुढे मे महिन्यातल्या सावंतवाडीचे ३५-३६ अंश आणि जानेवारीतल्या दापोलीची थंडी यांतला फरक काहीच नाही. हवा गरम म्हणून थंड प्लग घाला, हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आंबोली किंवा करूळ घाटात सामान भरून दुसऱ्या गिअरला चढणं हे इंजिनाला कष्टाचं असतं, पण गाडी बनवणाऱ्याने पूर्ण भार धरूनच श्रेणी ठरवलेली असते.

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा नेहमीचा आजार तर उलट असतो. घर ते बाजारपेठ तीन किलोमीटर, बाजारपेठ ते शाळा दोन किलोमीटर. इंजिन पुरतं तापतच नाही, टोक ५०० अंशांपर्यंत पोचत नाही आणि प्लग काळा पडतो. अशा गाडीत थंड प्लग घातला तर तो आणखी लवकर काळा पडेल. यावर उपाय नंबर बदलणं नाही. आठवड्यातून एकदा गाडी सलग २५-३० किलोमीटर महामार्गावर चालवा.

साधा, प्लॅटिनम की इरिडियम

दुकानात ज्याला "कॉपर प्लग" म्हणतात त्याची टोकं निकेलच्या मिश्रधातूची असतात, तांबं आत गाभ्यात असतं. तो स्वस्त, साधारण शंभर-दोनशे रुपयांचा, आणि मॅन्युअलमध्ये वेगळं काही नसेल तर ३०-४० हजार किलोमीटरपर्यंत चालतो. इरिडियमचा वितळणबिंदू २,४०० अंशांच्या वर आहे, निकेलचा १,४५५. त्यामुळे इरिडियमचं टोक सुईसारखं बारीक करता येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी दाबाने उडते आणि टोक झिजतंही हळू. दर्जेदार इरिडियम प्लग लाखभर किलोमीटर जातो, पण किंमत प्लगमागे पाचशे ते हजार रुपयांच्या आसपास असते.

कंपनीने इरिडियम दिला असेल तर इरिडियमच घाला. तिथे निकेल घालून पैसे वाचवणं खोटं आहे, विशेषतः टर्बो इंजिनात. कंपनीने निकेल दिला असेल तर आमचं मत स्पष्ट आहे : वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला इरिडियम घेऊ नका. लाख किलोमीटर व्हायला पंधरा वर्षं लागतील. तेवढा काळ प्लग खाऱ्या दमट हवेत हेडमध्ये रुतून राहणं हेच त्याच्या झिजण्यापेक्षा मोठं संकट आहे. निकेल घाला, वेळेवर काढा, वेळेवर बदला. याउलट ईको किंवा ओम्नीसारखी गाडी असेल, जिथे इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि प्लगपर्यंत पोचायलाच सीट उचलावी लागते, आणि ती रोज भाड्यावर धावत असेल, तर इरिडियमचे पैसे वसूल होतात.

एक बारकावा लक्षात ठेवा. काही गाड्यांत एक कॉइल दोन सिलेंडरना मिळून ठिणगी देते. तिथे निम्म्या प्लगमध्ये वीज उलट्या दिशेने उडी मारते आणि बाहेरची वाकडी पट्टी जास्त झिजते. अशा गाडीला दोन्ही टोकांवर मौल्यवान धातू (इरिडियम किंवा प्लॅटिनम) असलेलाच प्लग दीर्घकाळ टिकतो. फक्त मधल्या टोकावर इरिडियम असलेला नाही.

सीएनजी असेल तर

सीएनजी पेटवायला ठिणगीचा दाब पेट्रोलपेक्षा जास्त लागतो. गॅप झिजून वाढला की मिसिंग आधी सीएनजीवर जाणवतं आणि पेट्रोलवर टाकताच गाडी नीट चालते. ही प्लगची ठळक खूण आहे. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या गाडीचा प्लग आणि गॅप मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, तोच पाळा. बाहेरून किट बसवलं असेल तर निकेल प्लगचा गॅप पेट्रोलच्या आकड्यापेक्षा ०.१ ते ०.२ मिलिमीटरने कमी ठेवतात. सीएनजीवर दर १०,००० किलोमीटरला प्लग उघडून गॅप मोजा.

खरा प्लग कसा ओळखायचा

नकली प्लग हा मोठा त्रास आहे, इरिडियममध्ये तर जास्तच. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून किंवा कंपनीच्या पार्ट काउंटरवरून घ्या. हातात घेऊन पाहा. खऱ्या प्लगचे आटे गुळगुळीत असतात, चिनीमातीवरची छपाई स्वच्छ असते आणि नखाने निघत नाही, मधलं टोक बाहेरच्या पट्टीच्या बरोबर खाली मध्यावर असतं. वॉशर फिरतो, पण आट्यांवरून सहज निघून हातात येत नाही. मल्टिमीटर असेल तर वरचं टोक आणि मधला इलेक्ट्रोड यांच्यातला रोध मोजा. रेझिस्टर प्लगमध्ये तो ३ ते ७.५ किलोओहमच्या दरम्यान यायला हवा. शून्य आला तर तो प्लग परत करा. संचातले सगळे प्लग एकसारखे नसतील तरी परत करा.

प्लग खाली पडला तर वापरू नका, दिसायला धड असला तरी. चिनीमातीत केसाएवढी चीर जाते आणि ती इंजिन तापल्यावर बोलते.

काढण्याची तयारी

हत्यारं फार नाहीत : आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग सॉकेट, लांब एक्स्टेंशन, रॅचेट, कॉइलच्या बोल्टसाठी १० चा सॉकेट, वायर गेज (गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या तारा), आणि जमलं तर टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा). सॉकेट १६ चा लागेल, जुन्या गाडीला २१ चा, आणि काही नव्या बारीक प्लगना १४ चा बारा कोनी, पातळ भिंतीचा.

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी गाडी सकाळी उघडणं उत्तम. गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे प्लगसोबत बाहेर यायची भीती असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कॉइलचा कनेक्टर काढताना वायर ओढू नका, लॉक दाबून कनेक्टर धरूनच ओढा. उष्णतेने आणि खाऱ्या हवेने ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. कॉइल थोडी फिरवून मग सरळ वर काढा. प्लग वायर असतील तर एका वेळी एकच काढा, नाहीतर क्रम चुकेल.

आता प्लगच्या विहिरीत, म्हणजे तो ज्या खोल भोकात बसतो तिथे, टॉर्च मारून पाहा. तांबडी धूळ, सुकलेली पानं, कधी पाणी, सगळं तिथे सापडतं. प्लग सैल करण्याआधी ते उडवून टाका, नाहीतर सगळं सिलेंडरमध्ये पडेल. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून काम होतं. पाणी असेल तर फडक्याची वात सोडून टिपून घ्या. इंजिनावर प्रेशरने पाणी मारून धुतलं की या विहिरी भरतात, म्हणून ते टाळा.

धरून बसलेला प्लग

हेड अॅल्युमिनियमचं, प्लग पोलादी, आणि मध्ये खारट ओलावा. दोन वेगळे धातू असे एकत्र आले की गंज लवकर धरतो. पाव आटा फिरून प्लग करकरला आणि अडकला तर जोर लावू नका. उलट थोडा आत फिरवा, आट्यांच्या मुळाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. मग थोडा बाहेर, थोडा आत, असं करत सोडवा. तरी हलत नसेल तर तेल टाकून रात्रभर ठेवा. त्यानंतरही नाही निघाला तर हे काम लेथ आणि हेलिकॉइलचं (मोडलेल्या आट्यांच्या जागी नवे आटे बसवायचं) साहित्य असलेल्या वर्कशॉपचं आहे. तुटलेला प्लग किंवा मोडलेले आटे म्हणजे हेड उतरवायचा खर्च येऊ शकतो.

जुना प्लग काय सांगतो

काढलेले प्लग सिलेंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर इंजिन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे छोट्या फेऱ्या, तुंबलेला एअर फिल्टर किंवा जास्त पेट्रोल. ओलं, तेलकट काळं असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील तपासायला हवेत, नवा प्लग काही दिवसांत तसाच होईल. टोक पांढरं, फोड आल्यासारखं असेल तर श्रेणी चुकली आहे, प्लग सैल होता किंवा मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. तेल आट्यांवर आणि चिनीमातीच्या बाहेर असेल तर ते वरून, व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून येतंय.

षटकोनाच्या वर चिनीमातीवर तांबूस तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. वायू गळतोय असं अनेकजण सांगतात, ते खरं नाही. विजेच्या क्षेत्रामुळे तेलाचे कण तिथे चिकटतात, बाकी काही नाही. चिनीमातीवर उभी काळी रेघ असेल तर मात्र वीज बाहेरून उतरते आहे. त्या प्लगसोबत बूटही बदला. नवा प्लग जुन्या रेघ पडलेल्या बुटात घातला तर त्याच्यावरही तशीच रेघ पडते.

गॅप

नवा प्लग "गॅप लावूनच येतो" हे बरोबर, पण वाहतुकीत पट्टी वाकते. प्रत्येक प्लग वायर गेजने मोजा. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तो १.० ते १.१ मिलिमीटर, टर्बोमध्ये सहसा ०.७ ते ०.८, पण आकडा तुमच्या मॅन्युअलचाच धरा. कमी-जास्त करायचा असेल तर फक्त बाहेरची पट्टी हलकेच वाकवा. मधल्या टोकाला कुठलंही हत्यार टेकवून उचकटू नका. इरिडियमची सुई तिथेच तुटते. इरिडियमचा गॅप खूप चुकलेला असेल तर तो प्लग बदलून घेणंच बरं.

बसवणं

हेडमधले आटे कोरड्या फडक्याने पुसा. प्लग सॉकेटमध्ये धरून, रॅचेट न लावता, फक्त बोटांनी एक्स्टेंशन फिरवत आत न्या. चिनीमातीवर रबरी नळीचा तुकडा चढवून फिरवलं तर आणखी चांगलं, कारण आटा वाकडा लागला तर नळी घसरते आणि तुम्हाला कळतं. पहिल्या दोन फेऱ्यांत अडलं की काढा आणि पुन्हा सरळ धरा.

टॉर्क पाना असेल तर अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये वॉशरवाल्या १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३०, १२ मिलिमीटरच्या प्लगला १५ ते २० न्यूटन-मीटर. नसेल तर घड्याळ आठवा. प्लग बोटांनी बैठकीला टेकवा, मग वॉशर नवा असेल तर सहा ते आठ तासांइतकं, म्हणजे अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, फिरवा. आधी वापरलेला वॉशर असेल तर फक्त एक तासाइतकं. निमुळत्या बैठकीला पाऊण तासाइतकं पुरतं. खोक्यावर वेगळं छापलं असेल तर ते खरं.

आट्यांना ग्रीस लावायचा का, हा प्रश्न किनाऱ्यावर नेहमी येतो. चकचकीत मुलामा असलेल्या प्लगला अँटी-सीझ (आटे धरू नयेत म्हणून लावायचा लेप) लावू नका. आटे निसरडे होतात, त्याच टॉर्कला प्लग कितीतरी जास्त आवळला जातो आणि आटे ताणतात. गंजाला आमच्या मते चांगला उपाय म्हणजे वर्षातून एकदा, आगोटीच्या आधी, मे महिन्यात प्लग सोडून, पुसून, परत बसवणं. सैल-घट्ट होत राहिलेले आटे धरत नाहीत. ग्रीस लावायचाच तर सिलिकॉनचा डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारा) ग्रीस, आणि तो बुटाच्या रबराच्या तोंडाशी आतून, नखाएवढा. दमट हवा अडवणं एवढंच त्याचं काम. धातूच्या टोकाला तो फासू नका.

काही प्लगच्या वरचं टोक आट्यांचं असून त्यावर छोटी नट येते. तुमच्या बुटाला ती लागत असेल तर पक्कडीने घट्ट करा. सैल राहिली तर मिसिंग येतं आणि कारण सापडत नाही. कॉइल खाली दाबताना "टक" असं बसल्याचं जाणवलं पाहिजे. मग बोल्ट हलकेच आवळा, कनेक्टर लॉक होईपर्यंत लावा आणि शेवटी बॅटरी जोडा.

नंतर

इंजिन सुरू करून दोन मिनिटं तसंच चालू द्या. थरथर असेल तर पहिला संशय न बसलेल्या कॉइलवर किंवा अर्धवट लागलेल्या कनेक्टरवर घ्या. हेडजवळ "फस् फस्" आवाज आला तर प्लग सैल आहे. लगेच बंद करा आणि इंजिन थंड झाल्यावर आवळा. मिसफायर होत असलेली गाडी तशीच चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि प्लगच्या कितीतरी पट खर्चाचा भाग खराब होतो.

एक गोष्ट पुराच्या भागांसाठी. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं तशी वेळ आली आणि पाणी इंजिनाच्या हवा घेणाऱ्या वाटेपर्यंत पोचलं असेल, तर सेल्फ मारू नका. सिलेंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करून न्या. मेकॅनिकने आधी सगळे प्लग काढून पाणी बाहेर काढायला हवं, मग तेल बदलायचं आणि त्यानंतरच इंजिन सुरू करायचं. ते प्लग पुन्हा न वापरता नवे घाला.

खोक्याचा नंबर असलेला तुकडा कापून आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा, त्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा. काढलेल्यांपैकी सगळ्यात बरा प्लग आणि प्लग पाना डिकीत टाकून द्या. परशुराम घाटात रात्री एखादा प्लग गेला तर तेवढ्यावर घरी पोचता येतं.